आधी भुईला, मग आपल्याला : बोलिव्हियातले अकरा दिवस

29 ऑक्टोबर : एल आल्तो, ला पाझ

विमान उतरते ते एल आल्तो या शहरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,060 मीटर उंचीवर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवून वर आणखी अर्धी ठेवावी, एवढी ही उंची. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलताच छातीत धडधडू लागले आणि माझी थोरली बहीण, जी पुण्यात रोज पर्वती चढते, ती शांतपणे बॅगेवरच बसून म्हणाली, "अगं, घाई कसली आहे? बस जरा." पुढचे तीन दिवस हेच वाक्य आमचे ब्रीद झाले.

विमानतळापासून टॅक्सी डोंगरकडा उतरू लागते आणि खाली एका प्रचंड वाडग्यात विटांच्या रंगाची हजारो घरे दिसतात. ते ला पाझ. श्रीमंत वस्त्या खालच्या, उबदार भागात आणि गरिबांच्या वस्त्या वरच्या, थंडीवाऱ्याच्या भागात, अशी या शहराची उलटी उतरंड आहे. देशाची घटनात्मक राजधानी सुक्रे असली, तरी सरकार बसते ते इथेच.

आम्ही हॉटेलऐवजी आयमारा या इथल्या मूळनिवासी समाजातल्या एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली होती. पुण्यात शिकलेले माझे स्पॅनिश मोडकेतोडके, ताईचे शून्य. पण सेन्योरांनी (आम्ही त्यांना शेवटपर्यंत असेच म्हणालो) दारातच दोन कप गरम पाण्यात कोकाची पाने टाकून पुढे केली. प्यायच्या आधी त्यांनी स्वतःच्या कपातले दोन थेंब अंगणातल्या मातीवर सांडले. मला वाटले, हात हलला. तो हात हललेला नव्हता, हे पुढच्या दहा दिवसांत पुरेपूर कळले. या रीतीचे नाव 'चाल्या'. पाचामामा म्हणजे धरणीमाता. जे काही प्यायचे, त्याचा पहिला घोट तिचा. आपण जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतो, त्याची ही आत्येबहीण म्हणावी, इतकेच की आपल्याकडे ती ताटाकडेला उरली आहे, तर इथे बिअरच्या बारमध्येही सुटत नाही.

(पहिल्या दिवशी पोट अर्धे रिकामे ठेवावे, जिने टाळावेत, पाणी भरपूर प्यावे आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. कोकाचे पान इथे कायदेशीर आहे, किंबहुना 2009च्या राज्यघटनेने त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले आहे. मात्र त्याच्या चहाची एक पुडीसुद्धा भारतात आणू नये.)

30 ऑक्टोबर : बाजार, 'यापा' आणि उलटे घड्याळ

सकाळी दहाच्या सुमारास ला पाझमध्ये जो तो रस्त्यात उभा राहून, मान किंचित पुढे झुकवून, एका हाताने काहीतरी खात असतो. ती साल्तेन्या : आपल्या करंजीच्या आकाराची, पण आत चक्क पातळ रस्सा असलेली भाजलेली पुरी. रस्सा अंगावर न सांडता ती संपवणे ही येथील नागरिकत्वाची परीक्षा आहे, आणि दुपारनंतर ती मागणे म्हणजे आपण पाहुणे असल्याचे जाहीर करणे आहे. ताई शाकाहारी असल्यामुळे तिच्यासाठी भाजी भरलेली शोधावी लागली. एक सूचना इथेच देते. 'कार्ने (मांस) नको' असे सांगितले, तर अनेकांना ते फक्त गोमांसाबद्दल वाटते आणि कोंबडी निर्धास्तपणे ताटात येते. म्हणून दोन्ही नावे घेऊन नकार द्यावा आणि सुपात हाडांचा रस्सा आहे का, तेही विचारावे.

बाजारात विक्रेतीला 'कासेरिता' म्हणतात आणि विक्रेतीही गिऱ्हाइकाला 'कासेरिता'च म्हणते. शब्द एकच, दोन्ही बाजूंनी. तो नेहमीच्या, ओळखीच्या माणसासाठी आहे, आणि एकदा तुम्ही कोणाची कासेरिता झालात की शेजारच्या टोपलीतले टोमॅटो कितीही लाल असले तरी तिकडे वळणे शोभत नाही. खरेदी झाल्यावर 'यापा' मागायची. यापा म्हणजे वरकड : किलोवर घातलेले दोन बटाटे, रसाचा पेला संपल्यावर पुन्हा ओतलेला अर्धा पेला. मंडईत भाजीवर कोथिंबिरीची काडी मागणाऱ्या ताईला हे शिकवावे लागले नाही. तिने "यापा?" एवढा एकच शब्द उच्चारला आणि फळवालीने हसून दोन केळी पिशवीत टाकली.

बटाट्यांच्या रांगेपुढे मात्र आम्ही दोघी बराच वेळ उभ्या राहिलो. जांभळे, काळे, गुलाबी, बोटासारखे लांब, आल्यासारखे गाठाळ. आणि त्यांच्या पलीकडे पोत्यात भरलेले, खडूसारखे पांढरे आणि गारगोटीसारखे काळे असे काही, जे मला दगडच वाटले. तो चुन्यो. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे, उन्हात वाळवायचे, आणि असे काही दिवस केले की जो कोरडा खडा उरतो, तो वर्षानुवर्षे टिकतो. पांढरा हवा असेल तर तो वाहत्या पाण्यात काही आठवडे ठेवतात. त्याला 'तुंता' म्हणतात. तिथेच माझ्या लक्षात आले की आपला एकादशीचा फराळ मूळचा याच खंडांतला आहे : बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणा दक्षिण बोलिव्हियाच्या परिसरातला, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, राजगिराही अमेरिका खंडांतूनच आलेला. ताईला हे सांगितल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग यांच्याकडे एकादशी का नाही?"

दुपारी केबल कारने वर एल आल्तोला गेलो. 2014मध्ये सुरू झालेली ही 'मी तेलेफेरिको' पर्यटकांचे खेळणे नाही, तर शहराची लोकल आहे; कामावरून परतणाऱ्या बाया, शाळकरी मुले, पोती, सगळे तिच्यातून लोंबकळत जाते. स्थानकांना स्पॅनिशबरोबर आयमारा नावेही आहेत. लाल मार्गावरचे दफनभूमीचे स्थानक 'अहायुनी', म्हणजे जिथे आत्मे आहेत ते ठिकाण. वरचे शेवटचे 'हाचा काथू', म्हणजे मोठा बाजार. तो बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो आणि मोटारीच्या इंजिनापासून कुत्र्याच्या पिलापर्यंत सर्व काही विकतो. आम्ही गुरुवार गाठला होता. त्याच गर्दीत वास्तुरचनाकार फ्रेडी मामानी यांनी घडवलेल्या शैलीतल्या इमारती डोके वर काढून उभ्या होत्या : नारिंगी, हिरव्या, आरशांच्या, आयमारा विणकामाच्या नक्षीच्या. खाली दुकाने, मध्ये लग्नाचा हॉल आणि गच्चीवर मालकाचे घर.

इथल्या बाया घेरदार 'पोयेरा' परकर एकावर एक घालतात, खांद्यावर शाल आणि डोक्यावर छोटी गोल बाउलर हॅट. पूर्वी याच पोशाखामुळे त्यांना उपाहारगृहांत आणि कचेऱ्यांत प्रवेश नाकारला जाई. आज त्याच पोशाखात स्त्रिया संसदेत बसल्या आहेत. मी एकीचे छायाचित्र न विचारता काढले आणि तिने तळहात उंचावून तोंड फिरवले. चूक माझी होती. नंतर ज्यांना विचारले, त्यांपैकी निम्म्यांनी होकार दिला आणि त्या छायाचित्रांत त्या हसतही आहेत.

उतरताना प्लाझा मुरियो या चौकातले विधिमंडळाचे घड्याळ पाहिले. 2014मध्ये त्याचे काटे उलटे फिरवले गेले आणि आकडेही उलट्या क्रमाने लावले गेले. दक्षिण गोलार्धात सूर्यतबकडीची सावली याच दिशेने सरकते, तेव्हा उत्तरेची नक्कल आपण का करावी, असा त्यामागचा विचार. सेन्योरांना त्याचे फारसे कौतुक नव्हते. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अधिक विलक्षण वाटली. आयमारा भाषेत 'नायरा' म्हणजे डोळा, पुढची बाजू, आणि भूतकाळही. 'खिपा' म्हणजे पाठ, आणि भविष्यकाळही. जे घडले ते दिसते, म्हणून ते पुढे. जे घडायचे ते दिसत नाही, म्हणून ते पाठीमागे. 'मागच्या वर्षी' आणि 'पुढच्या वर्षी' असे सहज बोलणाऱ्या आम्हा दोघींना हे गळी उतरायला दोन कप चहा लागला.

31 ऑक्टोबर : भट्टी

हा दिवस भटकण्यासाठी राखला होता आणि तो पूर्णपणे एका भट्टीपुढे गेला. 1 आणि 2 नोव्हेंबरला 'तोदोस सांतोस' हा मृतांचा सण येतो आणि त्यासाठी घरोघरी 'तांतावावा' करतात : कणकेचे बाळ, हातपाय गुंडाळलेले, तोंडाच्या जागी रंगवलेला छोटा मुखवटा. घरात एवढी मोठी भट्टी नसल्यामुळे कुटुंबे पीठ, अंडी, साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जातात, तासासाठी भट्टी भाड्याने घेतात आणि सगळे मिळून मळायला बसतात. आमच्या लहानपणी आई दिवाळीपूर्वी तूप, साखर आणि मैद्याचे डबे घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला पाठवत असे आणि आपल्याच तुपाची नानकटाई परत मिळते ना, यावर नजर ठेवायला ताईला बसवत असे. इथेही एक आजी स्टूल टाकून नेमके तेच करत होत्या.

ताईच्या हाती गोळा आला. तिने मोदकाच्या सवयीने कडा मुडपल्या. सेन्योरांनी बाळाबरोबर आणखी दोन आकार करून घेतले : शिडी, आत्म्याला उतरायला, आणि घोडा, त्याचे सामान वाहायला. सामान कसले, असे मी विचारले. "आपण त्याला जे खायला घालणार, ते परत न्यायला नको का?" त्या म्हणाल्या.

1 नोव्हेंबर : दुपारचे बारा

आत्मे 1 तारखेला दुपारी बाराला येतात आणि 2 तारखेला दुपारी बाराला जातात. वेळेबाबत इतकी काटेकोर श्रद्धा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. साडेअकरापासून घरात धावपळ होती. सेन्योरांच्या यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली होती आणि हे तिसरे मांडण होते. नव्याने गेलेल्या माणसासाठी तीन वर्षे मोठे मांडण करायचे, तिसऱ्याला त्याला नीट निरोप द्यायचा आणि मग तो इतर पूर्वजांत मिसळतो, अशी रीत आहे.

टेबलावर काळे कापड, मागे छायाचित्र, दोन्ही बाजूंना उसाची कांडी. चालून दमलेल्या आत्म्याला ती काठी होते. पातीचे कांदे, कारण पोकळ पातीतून परतीच्या वाटेसाठी पाणी नेता येते. मेणबत्त्या, फळे, भट्टीतली शिडी, घोडा आणि बाळे, आणि मध्यभागी त्यांचे आवडते ताट : मक्याचे कणीस, उकडलेल्या बाकल्याच्या शेंगा, बटाटा, तळलेले चीज. याला 'प्लातो पासेन्यो' म्हणतात आणि मूळ रूपात त्यात मांस नसते. शेजारी ल्याह्वाची वाटी. लोकोतो नावाची जाड सालीची मिरची, टोमॅटो आणि किर्किन्या हा पाला घेऊन 'बातान' या सपाट दगडावर दुसरा जड दगड डोलवत ती वाटतात. पाटा-वरवंटाच तो, फक्त वरवंटा पुढेमागे ओढण्याऐवजी डावीउजवीकडे झुलतो. चवीला ओला ठेचा.

पितृपक्ष संपून महिना-दीड महिनाच झाला होता, त्यामुळे आम्हाला हे परके वाटले नाही. वेगळे इतकेच की कावळ्याची वाट पाहायची नव्हती. बाराच्या ठोक्याला सेन्योरांनी दार उघडले आणि मोकळ्या दारातून आलेल्या वाऱ्याने मेणबत्ती हलली. कोणी काही बोलले नाही. मग त्या छायाचित्राकडे पाहून अगदी घरगुती स्वरात म्हणाल्या, "उशीर नाही केलास या वेळी."

दिवसभर शेजारीपाजारी येत राहिले. आलेल्याने प्रार्थना म्हणायची आणि घरच्यांनी त्याच्या पिशवीत पाव, फळे घालायची. ताईने हात जोडले, तिला येते तेवढे रामरक्षेतले म्हटले, आणि तिच्याही पिशवीत एक बाळ आले. तिला ते फुकट घेणे जड गेले. ती खोलीत गेली आणि दिवाळीतले उरलेले शंकरपाळे स्टीलच्या डब्यात भरून घेऊन आली. सेन्योरांनी त्यांतले चार टेबलावर घोड्याशेजारी ठेवले आणि डबा आत नेला.

2 नोव्हेंबर : अहायुनी

सकाळी सगळे सार्वजनिक दफनभूमीत. इथे थडगी जमिनीत नसून बहुमजली भिंतींतील कोनाड्यांत आहेत आणि प्रत्येक कोनाड्याला काचेचे छोटे दार आहे. आत फुले, बाटलीचे इवलेसे खेळणे, गाडीचालक असेल तर खेळण्यातली बस. वरच्या कोनाड्यांसाठी शिड्या भाड्याने मिळतात. गल्ल्यागल्ल्यांतून वाजंत्री आणि प्रार्थना म्हणणारी मुले फिरत असतात, आणि त्यांना मोबदला द्यायचा तो पावाच्या रूपात. बाराच्या आत सेन्योरांनी यजमानांना आवडणारे गाणे वाजवून घेतले, बिअरचा पहिला भाग जमिनीवर ओतला, उरलेला आम्ही तिघींनी घोट घोट घेतला (ताईने ओठांना लावला), आणि ठोका पडताच त्यांनी काचेचे दार लावून रुमालाने पुसले. परत येताना गारांचा पाऊस लागला. नोव्हेंबरमध्ये दुपारी असे होते; सकाळी गॉगल आणि दुपारी रेनकोट, दोन्ही जवळ असू द्यावेत.

3 आणि 4 नोव्हेंबर : तितिकाका

तितिकाका सरोवराकाठच्या कोपाकाबानाला जाताना तिकिनाच्या सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या पाण्यापाशी सर्वांना बसमधून उतरवतात. माणसे छोट्या होडीतून जातात आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर हेलकावे खात पलीकडे येते. काठावर नौदलाचा तळ आहे. 1879 साली सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाने चिलीकडून आपला सगळा सागरकिनारा गमावला, पण 1963 साली नौदल उभे केले आणि दर 23 मार्चला आजही समुद्राचा दिवस पाळला जातो. होडीतल्या एका शाळामास्तरांनी "भारताला समुद्र किती बाजूंनी आहे?" असे विचारले, आणि "तीन" म्हणताना मला उगीचच संकोच वाटला.

कोपाकाबानाची मारियामाता हे देशाचे मोठे दैवत. तिची मूर्ती फ्रान्सिस्को तितो युपांकी या स्थानिक कारागिराने सोळाव्या शतकात घडवली, आणि रिओच्या प्रसिद्ध किनाऱ्याला नाव मिळाले ते याच गावावरून. मंदिरापुढच्या चौकात मात्र आम्हाला थेट दसरा दिसला. नव्याजुन्या मोटारी, ट्रक, टॅक्सी रांगेत उभ्या, बॉनेटवर फुलांच्या माळा आणि रंगीत कागद. पाद्री येऊन इंजिनावर, चाकांवर आणि मालकाच्या डोक्यावर पवित्र पाणी शिंपडतात. ते पुढे सरकले की मालक बिअरची बाटली फोडून चारही चाकांना धार धरतो, फटाके लावतो आणि कुटुंबासह फोटो काढतो. पाद्रीबाबा त्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतात. ताई चाकाखाली लिंबू शोधत होती.

सरोवरातल्या सूर्यद्वीपावर मोटारी नाहीत. ओझे गाढवे वाहतात आणि धक्क्यापासून युमानी गावापर्यंत इंकाकालीन पायऱ्या चढाव्या लागतात. इंकांचे आदिपुरुष मांको कापाक आणि मामा ओक्लो येथूनच निघाले, अशी कथा आहे. पायऱ्यांवर दर वीस पावलांनी थांबत असताना शेजारच्या वाफ्यात सात-आठ माणसे एकाच्याच शेतात नांगरट करताना दिसली. वाटाड्याने सांगितले, ही 'आइनी' : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, पैशाचा संबंध नाही. "म्हणजे सावड," ताई म्हणाली. आमच्या आजोळी भाताच्या लावणीला हाच शब्द होता. वाटाड्याने 'सावड' दोनदा म्हणून पाहिले.

5 ते 7 नोव्हेंबर : रस्ता आणि मीठ

उयुनीला रात्रीच्या बसने निघालो आणि पहाटे बस थांबली ती थांबलीच. पुढे रस्त्यावर धोंडे, टायर आणि शालींत गुंडाळलेली माणसे. 'ब्लोकेओ' म्हणजे रास्ता रोको, हा इथल्या सार्वजनिक जीवनाचा नेमाने येणारा भाग आहे. जवळच्या गावाची पाण्याची मागणी होती. सहा तास गेले. चिडचिड फक्त परदेशी प्रवाशांची चालली होती, आमचीही. मग एका बाईने रंगीत 'आग्वायो' कापड मातीवर अंथरले आणि त्यावर उकडलेला चुन्यो ओतला. दुसरीने चीज ठेवले, तिसरीने मका. बघता बघता ओळखीपाळखी नसलेली वीसेक माणसे भोवती बसली, रस्ता अडवणारेही त्यांत होते. याला 'आप्थापी' म्हणतात, आणि आपल्या भाषेत त्याला अंगतपंगत हा शब्द आधीपासून आहे. ताईने चिवड्याची पिशवी फोडून मध्ये ओतली. एका म्हाताऱ्याने त्यातले चार दाणे आधी जमिनीवर टाकले, मग तोंडात, आणि शेंगदाण्यासाठी दुसऱ्यांदा हात पुढे केला.

(बसप्रवासात म्हणून एक दिवस हाताशी सुटा ठेवावा. पाणी, खाऊ, ऊबदार कपडे वरच्या बॅगेत असावेत आणि स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी खिशात.)

उयुनीचे मिठाचे मैदान पाहिले. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे, 3,656 मीटर उंचीवर. ज्या आरशाच्या छायाचित्रांमुळे लोक येतात तो आरसा पावसाचे पाणी साचल्यावर, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये दिसतो. आम्हाला कोरडे, भेगांनी षट्कोनी झालेले, डोळे दिपवणारे पांढरे मीठ मिळाले. मध्येच इंकावासी नावाच्या खडकाळ बेटावर उंच निवडुंग उभे आहेत. जीपचालकाने तुनुपा ज्वालामुखीकडे बोट दाखवून सांगितले की हे मीठ म्हणजे बाळाला पारखी झालेल्या त्या देवीचे दूध आणि अश्रू. देखावा मोठा आहे, हे खरे; पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मला त्या धोंड्यांपुढची पंगत अधिक आठवते.

8 नोव्हेंबर : न्यातिता

परतीचे विमान रात्री होते, आणि सकाळी पुन्हा तीच दफनभूमी. या दिवशी लोक घरी जपलेल्या मानवी कवट्या येथे आणतात. ऐकताना अंगावर काटा येतो. पाहताना तो कधी गेला, कळत नाही. न्यातिता म्हणजे 'चपट्या नाकाची', लाडाचे नाव. कोणाला विणलेली टोपी, कोणाला गॉगल, कोणाच्या दातांत पेटती सिगारेट, सर्वांना फुलांचे मुकुट. त्यांतल्या अनेक कवट्या कुटुंबातल्या नसतात, कोणा अनोळखी माणसाच्या असतात. घरी नाव देऊन ठेवतात, आणि ती घराची राखण करते. चर्चला हे पसंत नाही, तरी गर्दी चर्चच्या दारापर्यंत असते. एक तरुण मुलगी आपल्या न्यातितेला परीक्षेचा निकाल वाचून दाखवत होती.

सेन्योरांच्या घरी बॅगा उचलायला गेलो, तेव्हा त्यांनी ताईचा स्टीलचा डबा आणून दिला. हातात घेताच तो जड लागला. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितले होते, कोण जाणे. आत काळा चुन्यो गच्च भरला होता. रात्रभर भिजत घालायचा, पाणी घट्ट पिळून टाकायचे, मग उकडायचा, असे त्यांनी तीन वेळा सांगितले आणि मी तीन वेळा भाषांतर केले. ताईने एक खडा उजेडात धरून निरखला.

"बटाटाच ना हा?" तिने मला विचारले. "मग उपासाला चालेल."